ह्या वाक्यातला कर्ता कोण?

सभेच्या आदल्या दिवशी रात्री साडेनऊच्या सुमाराला वैनी यायच्या. गिरणी बंद करून तशाच आलेल्या. भुवयांवर पीठ, पदराला पीठ आणि हातात खाकी पाकीट. उंबऱ्यातूनच म्हणायच्या, "बाई, तेवढं वाचा की जरा."

पाकिटात पालिकेच्या सर्वसाधारण सभेची नोटीस असायची. चार-पाच पानं, सगळी कानडीत. वैनींना बोलायपुरतं कानडी चांगलं येतं. "एष्टु किलो री?", "नाळि बर्री", गिरणीवर तेवढं पुरतं. लिहिलेलं कानडी म्हणजे मात्र त्यांच्या मते मुंग्यांची रांग. माझं माहेर बैलहोंगलकडचं. लहानपणी गल्लीत कानडी आणि घरात मराठी. पुढं २८ वर्षं मराठी शाळेत पोरांना कानडी शिकवलं. त्यामुळे आमच्या वॉर्डाच्या नगरसेविकेची बिनपगारी दुभाषी व्हायचं माझ्याकडे आपसूक आलं.

गावाचं नाव लिहीत नाही. बेळगाव जिल्ह्याच्या सीमेलगतच्या तालुक्यांत अशी गावं पुष्कळ आहेत, जिथं दुकानाची पाटी कानडीत, गिऱ्हाइकाशी घासाघीस मराठीत आणि उधारीची वही दुकानदाराला जशी येईल तशी. आमच्या पालिकेला कानडीत पुरसभा म्हणतात. आम्ही अजून म्युन्शिपालटी म्हणतो. माझ्या सासऱ्यांच्या तोंडून तोच शब्द ऐकला होता, मुंबई राज्यातला. १ नोव्हेंबर १९५६ला राज्य बदललं, शब्द बदलायचा राहून गेला.

नोटीस वाचताना मला दर वेळी एक गंमत वाटायची. वैनींना न कळणाऱ्या त्या पानांतले निम्मे शब्द त्यांचेच होते. ठरावाला कानडीत ठरावु. मंजूर ते मंजूरु, खर्च तो खर्चु, अर्ज तो अर्जी, जागा ती जाग. कचेरी तर कचेरीच. आमच्याकडच्या कानडीत गटार हे गटारच आणि नळ हा नळच. मुख्याधिकारी हा शब्द तर दोन्हीकडे जसाच्या तसा. मी एकेक शब्द बोटानं दाखवून वाचायची आणि वैनी म्हणायच्या, "आगं बाई, हे तर आपलंच की!" भाषेवरून आमच्या भागात डोकी फुटलीत, बसच्या काचा फुटल्यात. पण जमिनीचा, कराचा, हद्दीचा शब्द आला की दोन्ही भाषा एकाच जुन्या दप्तरातून काढल्यासारख्या वाटतात. दप्तर म्हणजे कारकुनाचं, शाळेचं नव्हे.

शेवटच्या पानावर नेहमी एक ओळ असायची, अध्यक्षांच्या परवानगीनं येणारे इतर विषय. मराठीत आपण ऐनवेळचे विषय म्हणतो. वैनींनी पहिल्याच महिन्यात विचारलं होतं, "ह्यात काय असतं?" मी म्हटलं, "जे आधी सांगायचं नसतं ते." ते मी गमतीनं म्हटलं होतं. दोन-तीन सभांनंतर त्या येऊन म्हणाल्या, "बाई, तुम्ही खरंच बोललासा."

वैनी नगरसेविका झाल्या, कारण वॉर्ड महिलांसाठी राखीव झाला. मूळ उभं राहायचं होतं त्यांच्या यजमानांना. त्यामुळे निवडून आल्यावर हार दोघांच्या गळ्यात पडला आणि फोन मात्र यजमानांच्याच मोबाईलवर यायला लागले. पालिकेतला माणूस त्यांना "मेंबर साहेब" म्हणायचा आणि वैनींना "मॅडम, बसा". वैनी बसल्या. पहिल्या सभेत काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या सभेत उभ्या राहून विचारलं, "आमच्या गल्लीतल्या गटारीचं काय झालं?"

उत्तर आलं : क्रम कैगोळ्ळलागुवुदु.

रात्री मला येऊन सांगितलं तेव्हा त्या खुशीत होत्या. काहीतरी लांबलचक, वजनदार मिळालं होतं. मी मराठी करून सांगितलं, "कार्यवाही करण्यात येईल." त्यांचा चेहरा उतरला. "कोण करणार?" म्हणाल्या.

सगळी नोकरी मी व्याकरण शिकवण्यात घालवली. फळ्यावर वाक्य लिहायचं, 'रामाने आंबा खाल्ला', आणि पोरांना विचारायचं, कर्ता कोण? कर्म कोणतं? खाण्याच्या वाक्यात कर्ता सापडायचा. सरकारी वाक्यात तो सापडत नाही, कारण ते वाक्य तशा बेतानंच घडवलेलं असतं. कार्यवाही करण्यात येईल. बाब विचाराधीन आहे. अहवाल मागवण्यात आला आहे. करणारा, विचार करणारा, मागवणारा, एकही माणूस त्यात नाही. कानडीतही हुबेहूब तेच. ह्या एका बाबतीत सीमेच्या अलीकडे-पलीकडे कसलाही वाद नाही. मंत्रालयातलं मराठी आणि विधानसौधातलं कानडी सख्ख्या बहिणी शोभतील.

वैनींना कर्ता-कर्म असं काही ठाऊक नव्हतं. त्यांना गिरणी ठाऊक होती. गिरणीवर डबा आला की त्याला चिठ्ठी : नाव, वजन, जोंधळा की गहू, बारीक की जाड, कधी नेणार. चिठ्ठी नसलेला डबा त्या दळत नाहीत. दळलाच तर कुणाचं पीठ कुणाच्या घरी जातं आणि संध्याकाळी दारात भांडण येतं. त्या रात्री माझ्या ओसरीवर बसून त्या म्हणाल्या, "म्हंजे मी बिनचिठ्ठीचा डबा दिला की हो त्यांना."

तेव्हापासून आमच्या दोघींचा एक उद्योग सुरू झाला. सभेच्या आधी प्रश्न लिहायचा. 'काय झालं', 'कधी होणार', 'लक्ष द्यावं' असले शब्द बाद. त्याऐवजी किती फूट, कुठून कुठपर्यंत, कुठल्या तारखेला, कुठल्या ठरावानं, बिलावर सही कुणाची. आधी मराठीत, मग मी कानडीत करून द्यायची आणि ते वैनी देवनागरीत उतरवून घ्यायच्या. सभेत देवनागरीतलं कानडी वाचून दाखवायच्या. समोरच्यांना वाटायचं बाई कानडी शिकली. एकदा एक कानडी भाषक नगरसेवकच उठून म्हणाले, "आमच्यापेक्षा बरं विचारतात ह्या." त्यांच्या वॉर्डातलं गटारही तसंच तुंबलेलं होतं.

गटाराचं काम झालं, हे सांगून टाकते. त्यात फार सांगण्यासारखं नाही. एकशेवीस फूट कागदावर होतं, जागेवर ऐंशी भरलं. फीत घेऊन वैनी स्वतः गेल्या होत्या, उरलेलं चाळीस फूट पावसाआधी झालं. खरी गोष्ट बागेची आहे.

गिरणीच्या मागच्या बाजूला पूर्वी भुईमुगाचं शेत होतं. ते बिगरशेती झालं, ले-आऊट पडला, प्लॉट विकले गेले. ले-आऊटला मंजुरी मिळते तेव्हा नकाशात ठरावीक हिस्सा बागेसाठी, मोकळ्या जागेसाठी, नागरी सोयींसाठी सोडावा लागतो. रस्ते आणि त्या जागा नंतर पालिकेच्या ताब्यात द्यायच्या असतात. कागदावर हे इतकं सरळ आहे की वाचताना आपल्याला गाव बांधून झाल्यासारखं वाटतं. ह्या ले-आऊटच्या नकाशातही एका कोपऱ्यात हिरवा चौकोन होता. प्लॉट घेणाऱ्यांना तो दाखवून भाव सांगितला गेला होता. प्रत्यक्षात त्या कोपऱ्यावर आधी विटांचा ढीग आला, मग पत्र्याची शेड, मग तारेचं कुंपण.

वैनींनी विचारलं : अमुक सर्व्हे नंबरच्या मंजूर नकाशात बागेसाठी राखलेली जागा किती गुंठे आहे? ती पालिकेच्या ताब्यात कोणत्या तारखेला आली? ताबा पावतीवर कुणाची सही आहे?

पहिल्या सभेत उत्तर मिळालं की माहिती घेऊन सांगू. दुसऱ्या सभेत कळलं, की फाईल आमच्याकडे नाही, नियोजन प्राधिकरणाकडे आहे. तिसऱ्या सभेत कळलं, की प्राधिकरणाला पत्र लिहिण्यात आलं आहे. कुणी लिहिलं ते विचारू नका.

इथं मी पहिल्यांदा नीट विचार करायला लागले, की आपल्या गावात प्रश्न विचारायचा तरी कुणाला? कर्नाटकात नगरनियोजनाचा कायदा १९६१चा. आराखडा करायचा, ले-आऊट मंजूर करायचा तो प्राधिकरणानं. तिथं अध्यक्ष नेमायचा तो सरकारनं. वीज हेस्कॉम ह्या सरकारी वीज कंपनीची. मोठी पाणी योजना राज्याच्या कुठल्यातरी मंडळाची. पालिकेत मुख्याधिकारी, तो सरकारनं पाठवलेला आणि सरकार म्हणेल तेव्हा बदलून जाणारा. नगरसेवकांनी ज्याला प्रश्न विचारायचे तो एकटा हा मुख्याधिकारी आणि निम्म्या प्रश्नांवर त्याचं उत्तर 'हे आमच्याकडे येत नाही' असं. तो खोटं बोलत नसतो, हीच त्यातली मोठी अडचण.

बेळगावात तेच मोठ्या आकारात आहे. महापालिकेत ५८ प्रभाग. १९७६च्या कायद्याप्रमाणे चार स्थायी समित्या, त्यातली एक खास नगररचनेची. महापौरांची मुदत एक वर्ष. कार्यकारी अधिकार आयुक्तांकडे. ले-आऊट आणि आराखडा म्हटलं की बुडा, म्हणजे बेळगावचं नगरविकास प्राधिकरण. कॅम्पात गेलात की कॅन्टोन्मेंट बोर्ड. जानेवारी २०१६मध्ये देशातल्या पहिल्या २० स्मार्ट शहरांत बेळगावचं नाव आलं आणि त्या कामांसाठी वेगळी कंपनीच उभी राहिली. आता रस्ता खणला कुणी, हे नगरसेवकाला वर्तमानपत्रातून कळायचे दिवस आले. बेळगावात माझी चुलत बहीण राहते. तिच्या घरासमोरचा रस्ता एका पावसाळ्यात तीनदा खणला गेला आणि तिन्ही वेळा खणणारे वेगळे होते. तिसऱ्या वेळी तिनं मजुरांनाच चहा देऊन विचारलं. त्यांनाही मुकादमाच्या पलीकडचं माहीत नव्हतं.

पाण्याचंही बघा. बेळगावला पाणी राकसकोपहून आणि हिडकलहून. पावसाळ्यात राकसकोपची पातळी २४७५ फुटांकडे सरकायला लागली की मराठी वर्तमानपत्रांत ती क्रिकेटच्या धावसंख्येसारखी रोज छापून येते. धरण भरलं की शहर खुश. पण चोवीस तास पाण्याचा प्रयोग जागतिक बँकेच्या मदतीनं झाला तो १० प्रभागांत, २००८च्या सुमाराला. बाकीचे ४८ वाट बघत राहिले. एका रस्त्याच्या अलीकडे नळ सोडला की पाणी आणि पलीकडे घागरींची रांग, हे दृश्य त्या शहरानं वर्षानुवर्षं पाहिलं. पलीकडच्या प्रभागाच्या नगरसेवकानं सभागृहात किती पोटतिडकीनं बोलावं! पण नळाची चावी त्या सभागृहात नव्हतीच. मला दर वेळी टिळकवाडीतली काँग्रेस विहीर आठवते. १९२४च्या अधिवेशनासाठी, गांधीजी अध्यक्ष होते त्या एकमेव अधिवेशनासाठी, खणलेली. माणसं येणार, पाणी लागणार, म्हणून खणली. इतकं सोपं वाक्य.

आणि तो रस्ता. २०२४मध्ये बेळगावात गाजलेला, शहापूरकडून जुन्या पी. बी. रोडला जोडणारा. रीतसर भूसंपादन न करताच लोकांच्या जागेतून रस्ता झाला, जमीनमालक उच्च न्यायालयाच्या धारवाड खंडपीठात गेले आणि सुमारे २० कोटींच्या भरपाईचा विषय महापालिकेपुढं आला. खास सभा, गदारोळ, पैसे कुणी द्यायचे, रस्ता केला कुणी, मंजुरी कुणाची. शेवटी जागा परत करायचं ठरलं. ही बातमी मी वैनींना वाचून दाखवली तेव्हा त्यांनी दळण थांबवून विचारलं, "रस्ता परत करता येतो व्हय? पीठ दळून झाल्यावर गहू परत मागितल्यासारखं हाय की हे."

माझी मुलगी इंग्लंडात असते. एका रविवारी व्हिडिओ कॉलवर मी तिला बागेची रामकहाणी सांगत होते. ती म्हणाली, आई, आमच्या कौन्सिलची सभा बघ, मोबाईलवर दिसते. पाठवलेल्या दुव्यावर मी आणि वैनी दोघी बसून बघितलं. भाषा मला जेमतेम, वैनींना शून्य. पण सभा म्हटलं की काय चाललंय ते कळतंच. एक नगरसेविका उठल्या, कचऱ्याच्या गाड्या वेळेवर येत नाहीत असा काहीसा प्रश्न होता. आधीच लिहून दिलेला. मग एक गृहस्थ उठले, उत्तर द्यायला. मी मुलीला विचारलं, हे अधिकारी का? ती म्हणाली, नाही, हेही निवडून आलेले. ह्यांच्याकडे कचऱ्याचं खातं आहे.

तिकडे २०००च्या कायद्यापासून बहुतेक कौन्सिलांत असं छोटं मंत्रिमंडळच असतं. नेत्यासकट जास्तीत जास्त दहा जण. एकाकडे रस्ते, एकाकडे घरबांधणी, एकाकडे नियोजन. बाकीच्या नगरसेवकांनी त्यांना भर सभेत विचारायचं आणि त्यांनी उभं राहून सांगायचं. उत्तर पटलं नाही तर उपप्रश्न. शिवाय त्यांच्या निर्णयांची झाडाझडती घ्यायला वेगळ्या समित्या. वैनींनी मला एवढंच विचारलं, "तो काय म्हणालाय? करण्यात येईल?" मी कान देऊन ऐकलं. तो 'मी' म्हणत होता. मी सांगितलं आहे, मी बघीन. वैनी त्या माणसाकडे बराच वेळ बघत राहिल्या. आमच्याकडे 'मी' म्हणणारा माणूस त्यांनी तीन सभांत पाहिला नव्हता.

आता ह्याचा अर्थ तिकडे स्वर्ग आहे असा नाही. त्या गृहस्थांनी पुढं दहा मिनिटं पैसे नाहीत, आधीच्यांनी घोळ घातला, सल्लागारांचा अहवाल यायचाय, असंच सांगितलं. मुलगी म्हणाली, गाड्या अजून उशिराच येतात. आणि दहा जणांच्या हाती सगळं गेल्यावर उरलेल्या नगरसेवकांना काय काम, असा सूरही तिकडे आहे. शेफिल्डच्या लोकांनी २०२१मध्ये मतदान करून ती पद्धत नाकारली आणि २०२२पासून जुन्या समित्यांकडे परत गेले. आपल्याकडेही कोलकात्यात महापौर आणि त्यांच्या परिषदेतले सदस्य अशी खातेवाटणी आहे. बाकी बहुतेक ठिकाणी आयुक्तांचं राज्य, ही मुंबईच्या १८८८च्या कायद्याची पुण्याई. निवडून आलेल्यांनी बोलायचं आणि नेमलेल्यानं करायचं, हा साचा इंग्रजांनी आपल्यासाठी पाडला, स्वतःसाठी नव्हे. तो इतका सोयीचा ठरला की इंग्रज गेल्यावरही कुणी मोडला नाही. माझं मत विचाराल तर ह्यात मुख्याधिकाऱ्यांपेक्षा निवडून येणाऱ्यांचीच सोय जास्त झाली. काम झालं तर फीत आपण कापायची आणि झालं नाही तर 'अधिकारी ऐकत नाहीत'.

आता थोडं जड बोलायचं आहे.

आमच्या भागात सभागृहात एक प्रश्न असा असतो, जो बाकीच्या सगळ्यांच्या आधी येतो. मी मराठी आहे. कागदपत्रं मराठीतही मिळावीत ही मागणी मला शंभर टक्के रास्त वाटते. माझ्या ओसरीवर रात्री साडेनऊला जे चालायचं ते चालावंच लागू नये, इतकीच ती मागणी आहे. १९८१च्या कायद्यानं इथल्या स्थानिक संस्थांचा कारभार कानडीत ठरवला. पण एखाद्या गावात नोटीस दोन भाषांत छापल्यानं कर्नाटकाचं काय जातं, ते मला अजून कळलेलं नाही. राज्य बदललं त्याचा निषेध म्हणून दर १ नोव्हेंबरला निघणाऱ्या काळ्या दिनाच्या फेरीत मी चालले आहे. २००५मध्ये बेळगाव महापालिकेनं महाराष्ट्रात जाण्याचा ठराव केला, तत्कालीन महापौर विजय मोरे यांच्या तोंडाला बंगळुरात काळं फासलं गेलं, महापालिका बरखास्त झाली. २०११मध्ये पुन्हा बरखास्ती. निवडून दिलेल्यांना असं घरी पाठवलं जातं तेव्हा फक्त ठराव रद्द होत नाही. गटाराबद्दल, बागेबद्दल विचारायची जागाच बंद होते.

पण हेही लिहायला हवं, की भाषेच्या प्रश्नाचा आडोसा दोन्हीकडच्यांनी घेतलेला मी पाहिला आहे. आमच्याच पालिकेत ताबा पावतीचा प्रश्न ज्या सभेत यायचा होता, त्या सभेत पाटीवरच्या अक्षरांवरून गोंधळ झाला. अक्षरं मोठी कुठली, वर कुठली, खाली कुठली. सभा तहकूब. गोंधळ घालणाऱ्यांत मराठी होते, कानडी होते, आणि तारेच्या कुंपणाशी ज्यांचे लागेबांधे असल्याची गावात कुजबुज होती तेही होते. वैनी घरी येऊन म्हणाल्या, "घोषणा मीपण दिली, बाई. द्यावीच लागली. पण चिठ्ठी पिशवीतच राहिली." मला त्यांचा राग आला नाही. माझाही आवाज चढला असता.

पाचव्या सभेत लेखी उत्तर आलं. मी ते तीनदा वाचलं. बागेसाठी राखलेली जागा सात गुंठे. सदर जागा पुरसभेच्या ताब्यात घेण्यात आलेली नाही.

आकडा मिळाला होता. सात हा आकडा आता पालिकेच्या कागदावर, शिक्क्यासकट होता आणि तो उद्या तीन करता येणार नव्हता. ह्याचा वैनींना केवढा आनंद! पण वाक्य बघा. घेण्यात आलेली नाही. न घेण्यालाही कर्ता नाही. काम न करणारा माणूससुद्धा वाक्यातून पळून गेलेला.

पुढच्या सभेत तेच विचारायचं ठरलं होतं. पुढची सभा झालीच नाही. अध्यक्षपदाची अडीच वर्षांची मुदत संपली आणि पुढचं अध्यक्षपद कुणासाठी राखीव, त्या आरक्षणाचा पत्ता नव्हता. हेही आमच्याकडे नवं नाही. २०१८ला ज्या पालिकांची निवडणूक झाली तिथं अध्यक्ष बसायला २०२०चा हिवाळा उजाडला. २०२३मध्ये ती मुदत संपली, ते पुढचं आरक्षण जाहीर झालं २०२४च्या ऑगस्टमध्ये. मधल्या काळात प्रशासक. बेळगावचंही तसंच. मार्च २०१९ला सभागृहाची मुदत संपली, निवडणूक झाली ३ सप्टेंबर २०२१ला, आणि महापौर बसल्या फेब्रुवारी २०२३मध्ये. निवडून आलेले ५८ जण दीड वर्षाच्या आसपास नुसते निवडून आलेले होते. लग्न लागलं, वरात अडली. अशा काळात वैनींसारख्या नगरसेविकेकडे लोक येतात, आणि तिला जायला मात्र जागा नसते. प्रशासक भले असतात, कामंही करतात. पण त्यांना कुणी उभं करून विचारत नाही. प्रशासकाच्या दारात आपणच उभं राहायचं, चिठ्ठी पाठवून.

२०२४चा उन्हाळा. वीज गेलेली, गिरणी बंद, त्यामुळे वैनी भर दुपारीच आल्या. पाकीट नव्हतं. म्हणाल्या, "बाई, माहितीच्या अधिकारात विचारूया." दहा रुपयांची पोस्टल ऑर्डर आधीच आणली होती. मी वही काढली. त्या सांगत गेल्या, मी मराठीत लिहीत गेले. ताबा का घेतला नाही, कधी घ्यायला हवा होता, ले-आऊटच्या मालकाला पत्र गेलं का, गेलं असेल तर प्रत, तेव्हा त्या खुर्चीवर बसलेल्यांची नावं आणि हुद्दे. लिहून झाल्यावर मी शब्द मोजले. कर्नाटकातल्या नियमाप्रमाणे अर्जात एकच विषय असावा लागतो आणि साधारण दीडशे शब्दांत आटपावं लागतं. मी पोरांच्या निबंधांचे शब्द आयुष्यभर मोजलेत, सवयीनं पेन्सिलीच्या टिंबांनी मोजले. एकशे एकाहत्तर. वैनींचा चेहरा पडला. "काय काढायचं? सगळंच लागतंय की."

मी म्हटलं, थांबा, कानडी करून बघू. अर्ज कानडीतच द्यायचा होता. कानडीत शब्दाला शब्द चिकटतो. आपले तीन शब्द तिथं एकाच्या पोटात मावतात. त्या 'कैगोळ्ळलागुवुदु'च्या पोटात नव्हते का मावले? ओळी उतरवत गेले. उकाड्यानं कागदाला हात चिकटत होता. पुन्हा टिंबं देत मोजले.

"किती?" वैनींनी पुढं वाकून विचारलं.

"एकशे अठ्ठावीस."

"म्हंजे बावीस उरले?" त्या हसायलाच लागल्या. "कानडी आपल्या कामाला आलं की हो, बाई! मग गटारीचं पण घालूया."

"एकच विषय चालतो, वैनी."

त्या गप्प बसल्या. पदरानं कपाळ पुसलं. मग बोट ठेवून म्हणाल्या, "तर मग इथं 'कुणी' घाला. ताबा कुणी घ्यायचा होता. आणि इथं खाली आणखी एकदा. कुणी घेतला न्हाई."

मी 'यारु' लिहिलं. खाली आणखी एकदा लिहिलं. तरी वीस शिल्लक होते.